शेजारचा पाट

आमच्या घरात त्या काळी फणी एकच होती, आणि तिचेही मधले दात पडलेले. तेल आधी दिव्याला, मग कालवणाला, आणि उरलंच तर डोक्याला. ते कधी उरायचं नाही. पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी मायच्या मांडीवर होते. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या माणसांनी गाव सोडलं होतं. निवळल्यावर परत आले तर घराच्या भिंती जागेवर होत्या, छप्पर नव्हतं, आणि दावणीला बैल नव्हते. बैल गेले म्हणजे कुणब्याचे हातच गेले. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायला लागले. माय निंदणी-खुरपणीला जायची. गाव आमचं शेंद्र्याच्या पलीकडं. तेव्हा तिकडं कारखान्याचं नाव नव्हतं. संध्याकाळी जोंधळ्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा पानात पडला की आज घरात सगळं ठीक आहे, असं आम्ही समजायचो.

मी आठेक वर्षांची असेन, मला मुदतीचा ताप आला. लई दिवस अंथरुणावर होते. माय कामावर गेली नाही तर चूल पेटत नव्हती, म्हणून ती उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून जायची. धाकटा भाऊ अजून रांगत होता, त्याला पाठुंगळीला बांधून न्यायची. माझ्या केसांकडं बघायला कुणाला सवड? ताप उतरला, मी उठून बसले, तेव्हा मागच्या केसांचा एकच बोळा झालेला. मायनं फणी घातली तर फणीचे आणखी दोन दात गेले.

तेवढ्यात गल्लीतली परडीवाली म्हातारी आली. ही देवीच्या नावानं परडी घेऊन जोगवा मागायची, गावात तिचा शब्द चालायचा. तिनं दारातूनच हात वर केला.

"थांब गं, शिवू नको! आई आलीय पोरीच्या डोक्यात."

आमच्याकडं आई म्हणजे देवी. जन्म देणारी ती माय.

दादांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "कशाची आई अन् कशाचं काय! गुंता हाय तो. विळ्यानं काढतो." त्यांनी विळा घेतला आणि कडेची चार-दोन केसं कापली पण. त्याच दिवशी सांजच्याला भावाला आकडी आली. हात-पाय ताठ झाले, ओठ निळे पडले, डोळे वर गेले. मायनं त्याला माझ्या पायावर आणून घातलं, माझ्या डोक्यावर हळद-कुंकू ओतलं आणि ओरडली, "तुझी हाय ती, तुलाच दिली! माझं लेकरू सोड!"

भाऊ वाचला. ताप डोक्यात गेला की लहान लेकरांना अशी आकडी येते, हे मला पुढं कळलं. पण त्या संध्याकाळी मायनं मनात एक गाठ मारली, ती माझ्या केसांतल्या गाठीपेक्षा घट्ट होती. जटेला कात्री लागली की पोरगं जाणार. दादांनी विळा आढ्याला खोचला आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

मी शिकलेली बाई आहे. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही, सगळे अंगठे. तेव्हा जट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण त्या जटेची मी नुसती चेष्टाही करू शकत नाही, कारण तिनं आमच्या घराला जगवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मला आंघोळ घालून पाटावर बसवायचे. बायका यायच्या, कुंकू लावायच्या, पाया पडायच्या. जाताना सुपात जोंधळे, गुळाचा खडा, नारळ ठेवून जायच्या. आमच्या चुलीवर दोन्ही वेळा तवा चढायला लागला तो असा.

आणि दुसरं म्हणजे, मी शाळेत गेले ती जटेमुळंच. देवीच्या डोक्यावर ओझं द्यायचं नाही, म्हणून मला कुणी सरपणाला, पाण्याला, भाऱ्याला धाडत नव्हतं. देवीला दिलेल्या पोरीचं लगीनही करायचं नाही. शाळेचे मास्तर एकदा दादांना म्हणाले, "अहो, ओझं वाहायचं नाही, लगीन करायचं नाही, मग पोरीनं दिवसभर करायचं काय? माझ्याकडं धाडा." दादांनी धाडलं. माझ्या बरोबरीच्या पोरी डोक्यावर अक्षता घेऊन सासरी गेल्या, मी डोक्यावर जट घेऊन सातवीला गेले.

शाळेत पोरं चिडवायची. "ए जटाबाई, तुझ्या डोक्यात उंदीर हाय का घुबड?" तीच पोरं परीक्षेच्या दिवशी सकाळी शाळेच्या मागं रांग लावायची. हळूच जटेला शिवायची, हात छातीला लावायची आणि पेपराला पळायची. त्या वर्षी सगळी पास झाली. मी गणितात नापास.

"तुझी आई तुझ्यावरच रुसली काय गं?" मास्तरांनी विचारलं.

"तिला बी गणित येत नसंल," मी म्हणाले. मास्तर इतके हसले की खडू हातातून पडला.

पाटावर बसायचं म्हणजे हलायचं नाही. देवी हलत नसते, असं परडीवालीनं सांगून ठेवलेलं. जट दरवर्षी वाढत होती, कमरेखाली गेली होती. पावसात भिजली की ओल्या गोणपाटासारखी जड. तिचा सगळा ताण मानेवर यायचा. आधी मी आढ्याचे वासे बघत बसायचे. मग भिंतीवरच्या मुंग्या. पण मान ठणकायला लागली की मुंग्यांनी काही भागायचं नाही. एका शुक्रवारी मी कंटाळून त्या ठणक्याकडंच बघायला लागले. म्हणजे आतून. कुठून निघतो, कुठवर जातो, कुठं थांबतो. तर काय झालं, ठणका एकसारखा नव्हताच. यायचा, फुगायचा, ओसरायचा. मध्ये जागा असायची. त्या मधल्या जागेत श्वास ऐकू यायचा, आणि श्वासाच्या मागं काहीतरी लई निवांत असायचं. विहिरीत खाली वाकून बघावं, पाणी हलत नसावं, तसं.

हे कुणाला सांगायचं? परडीवालीला सांगितलं असतं तर तिनं त्यालाही नारळ फोडायला लावला असता. आणि मला मनातून वाटायचं की आपण लबाडी करतोय. बायका देवीच्या पाया पडतायत, आणि इथं देवी-बिवी कुणी नाही, नुसतं निवांत आहे.

एकदा शेजारच्या वाडीवरून एक बाई आली. नवऱ्यानं दुसरी केलेली. ती माझ्यापुढं बसली आणि रडत रडत विचारलं, "आई काय म्हणती?"

मी जेमतेम बारा-तेरा वर्षांची. मी काय सांगणार? मी त्या निवांतात बसून तिचं नुसतं ऐकत राहिले. ती बोलत राहिली, नवऱ्याचं, सवतीचं, सासूचं, मग स्वतःचं. बोलून बोलून थांबली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कळलं मला." आणि उठून गेली. तिला काय कळलं, मला आजतागायत ठाऊक नाही. तिचा चेहरा मात्र येतानाचा राहिला नव्हता.

मॅट्रिक झाले. पुढं कॉलेजला शहरात जायचं, आणि मायनं हो म्हटलं. तिला वाटलं, पोरगी देवीची, तिला कोण काय करणार. दादा माझ्यासोबत खोली शोधत गुलमंडी ते शहागंज फिरले. वसतिगृहातल्या पोरी जट बघून मागं सरल्या. ओळखीच्या घरांत गेलो तर मालकीणबाई हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "देवीचं लई कडक असतं हो. आमच्या घरात काही कमी-जास्त झालं, तर?" पाया पडायच्या आणि दार लावून घ्यायच्या. शेवटी खाम नदीच्या अंगाला एका रजया शिवणाऱ्या विधवा बाईनं वरची खोली दिली. तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीपण म्हणायला लागले. दादांनी आधीच सांगून टाकलं, "पोरीला जट हाय बरं का."

"तो रहने दो," खाला म्हणाली. "किराया बालों का थोडी लेती मैं."

शहरातला पहिला मंगळवार आला. मी सवयीनं आंघोळ करून खोलीत बसले. पाट नव्हता, चटई होती. कुंकू लावायला कुणी आलं नाही. सूप नाही, नारळ नाही, खाली रस्त्यावर टांग्याच्या घोड्याच्या टापा. मला वाटलं, आता काही होणार नाही. आणि ते आलं. तेच, तसंच, मानेच्या ठणक्याच्या मागून, श्वासाच्या मागून. मी डोळे उघडून भिंतीकडं बघत राहिले. बायका नव्हत्या, कुंकू नव्हतं. मग हे येत होतं कुठून? ते निवांत माझं मलाच सापडलेलं होतं, आणि खरं होतं. लबाडीची बोच त्या दिवशी गेली.

दुसऱ्या वर्षी मानेनं दगा दिला. वर्गात मान खाली घालून लिहिता येईना, हाताला मुंग्या यायच्या. एक दिवस कॉलेजच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जट तळहातावर तोलून बघितली आणि सरळ सांगितलं, "ही काढ. नाहीतर मानेचे मणके जातील, मग पुस्तकही धरता यायचं नाही."

खालाचा मुलगा बसवर कंडक्टर होता, आमच्याच रस्त्याची बस. त्यानं गावात निरोप दिला. दुसऱ्या दिवशी माय त्याच्याच बसनं आली. एकटी, आयुष्यात पहिल्यांदा.

आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. रझाकारांच्या दिवसांत रानात लपलेली बाई ती, मुसलमानाच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. खालानं रजईवरून मान वर केली.

"आओ ना बाई, कायकू बाहर खडे?"

"न्हाय, हितंच बरी हाय मी. आम्ही त्या टायमाला लई भोगलंय, बाई."

खाला सुईत दोरा ओवत होती, ओवून झाल्यावर म्हणाली, "हौ. तुम पहले भागे, हम बाद में भागे. अब दोनों के पाँव दुखते. बैठो."

पोलीस ॲक्शननंतर खालाच्या माणसांनाही असंच पळावं लागलं होतं. माय आत आली. बसली.

मी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. माय ऐकता ऐकता पांढरी पडली. "आधी माझं मढं उचल, मंग जट काप. तुला ठावं हाय ना, तुझ्या दादांनी विळा लावला तवा काय झालं? तुला एकच भाऊ हाय गं."

"माय, त्याला ताप होता."

"तू शिकलीस, तुला ताप दिसतो. मी डोळ्यांनी बघितलंय त्याला निळा पडलेला."

ती खोटं बोलत नव्हती. मी माझ्या मानेसाठी बोलत होते, ती तिच्या लेकराच्या जिवासाठी.

खाला मध्येच बोलली. "बाई, मेरे बेटे की भी चोटी थी. दर्गे की. दो बच्चे गए थे मेरे, ये हुआ तो मन्नत माँगी, इतने बाल नहीं काटूँगी बोल के."

मायनं मान वळवली. "मंग?"

"मंग क्या? मन्नत पूरी हुई, उरूस में जा के उतारी. रखने की भी रस्म है, उतारने की भी है. तुम लोगां में उतारने की नहीं है क्या?"

परडीवालीनं जट ठेवायची कशी ते सगळं सांगितलं होतं, कोणत्या वारी काय करायचं, कशाला शिवायचं नाही. नवस फिटला हे कधी समजायचं, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मायनं विचारलं नव्हतं. आमच्या गावात कुणीच विचारत नव्हतं.

"अन् उतरवल्यावर पोराला काय झालं?" मायनं दबक्या आवाजात विचारलं.

"हुआ ना. कंडक्टर हुआ. रोज घर आ के मेरा भेजा खाता. तुमको आज टिकट किसने दिया?"

माय बघतच राहिली. "त्यो? त्यो जाडा?"

"हौ, वोइच."

मायला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. पण तेवढ्यानं तिच्या मनातली गाठ सुटणारी नव्हती. त्या रात्री जेवताना तिचा घास हातातच राहिला.

दुसरा दिवस शुक्रवारचा. मी आंघोळ केली, चटई टाकली. मायनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि सवयीनं माझ्यासमोर बसायला लागली. मी तिचा हात धरला.

"माय, समोर नको. आजवर समोर बसलीस. आज शेजारी बस."

"शेजारी बसून काय करू?"

"काही करू नको. डोळे मिट. आत काय चाललंय ते बघ."

"आत काय बघायचंय? आत आतडी हायेत."

"मग आतडी बघ."

ती बसली. आधी चुळबुळ, मग उसासे, मग पायाला मुंग्या. कुंकवाचा करंडा तिनं मुठीत घट्ट धरलेला. खालून खालाच्या कात्रीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं मला शेजारी वेगळं काहीतरी जाणवलं, म्हणून बघितलं. मायच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि करंडा मांडीवर कलंडला होता, लुगडं सगळं लाल.

ती सावकाश बोलली. "धडधड हाय गं आत. लई. पोरगं निळं पडलं तवाची हाय. मी इतकी वर्सं तिलाच आई समजले. तिच्याच पाया पडले."

मी तिचा हात सोडला नाही.

"आई कशाला भिववंल? भ्याले तर मी व्हते."

ती आणखी बसून राहिली. मग डोळे पुसून उठली, लुगडं झटकलं आणि जिन्यातून खाली हाक मारली, "खाला, तुमची ती मोठी कात्री द्या. उतरवायची तर मीच उतरवीन. मीच दिली व्हती."

रिठ्याच्या पाण्यात जट भिजवली तरी कात्री चालेना. खालानं ती पायरीच्या दगडावर घासून दिली. माय एकेक पेड धरून कापत गेली. शेवटचा पेड तुटला आणि माझी मान आपोआप वर गेली, मोट रिकामी झाल्यावर दोर वर उडतो तशी. मायनं जट नव्या खणात बांधली. आम्ही दोघी कर्णपुऱ्याच्या देवळात चालत गेलो, देवीपुढं ती ठेवली. मायनं हात जोडले आणि एवढंच म्हणाली, "तुझं तुला दिलं. सांभाळ." तिची देवी तिच्यापाशीच राहिली. मी कधी ती काढून घ्यायला गेले नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र ती पुन्हा भ्याली. मी सोबत होते. गाव जवळ आलं तशी तिनं माझं मनगट धरलं. मी म्हणाले, "धडधड हाय का?" ती म्हणाली, "हाय." "बघ तिच्याकडं." तिनं डोळे मिटले. फाट्यावर बस थांबली तर भाऊ समोर उभा, मिसरूड फुटलेला, धुळीनं माखलेला.

"अक्के, तुझं डोकं कुठं गेलं? अन् खायला काय आणलं?"

मायनं त्याला तिथंच मिठी मारली. तो ओरडला, "अगं माय, लोकं बघायलेत!" त्याच्या जिवावर काय टांगलेलं होतं, हे त्या येड्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

गावात बोलणी झाली. परडीवाली आमच्या दारावरून जाताना थुंकली. सुपं बंद झाली. दादा मात्र इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोकळं हसले आणि म्हणाले, "बरं झालं, आता विळा खाली काढतो, गवताला लागतो." भाऊ आता कामाला हाताशी आला होता, त्यामुळं तवा थंड पडला नाही.

पुढच्या सुट्टीत मी घरी आले. शुक्रवारी दोघी-तिघी बायका सवयीनं आल्या. त्यांत ती सवतीवाली पण होती, आता केस पिकलेली. माझं डोकं बघून त्या दारातच अडखळल्या.

"जट न्हाय, तर बसायचं कुणापुढं?"

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पुढं नका बसू. बाजूला बसा."

एक निघून गेली. दुसरी पण तिच्यामागं गेली. सवतीवाली थोडा वेळ उभी राहिली, मग आत येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली. दादांनी त्याच आठवड्यात बाभळीच्या फळीचा दुसरा पाट करून आणला आणि माझ्या पाटाला लावून ठेवला. तो ओबडधोबड होता, एका अंगानं डुगडुगायचा. मायनं त्याखाली चिंधी सारली. सवतीवाली आली की त्यावर ती बसायची, नाही आली तर माय.

मी बी.ए. झाले, मग बी.एड. मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. भाऊ आज आजोबा आहे, त्याचा थोरला पोरगा शेंद्र्याच्या कारखान्यात लागलाय. माय जाईपर्यंत दर शुक्रवारी त्या डुगडुगत्या पाटावर बसत होती, नुसती, हातात काही न घेता, आणि तिची धडधड गेलेली होती. माझ्या डोक्यावर आता पांढरे केस आहेत. त्यांतून रोज फणी फिरते, आणि मला शांत बसता येतं.